फेरी

चाकाओची खाडी ओलांडायला अर्धा तास लागतो.
ट्रक, बस, मेंढ्यांची गाडी, सगळं पोटात घेऊन बोट निघते.
तू कठड्याशी उभा राहून समुद्रसिंह मोजतोस.
आज सहा. गेल्या खेपेला चार.
तुला वाटतं, सगळ्यांच्याच आया
वर्षातून एकदा पलीकडे पुएर्तो माँतला जातात
आणि डोक्याचा फोटो काढून येतात.

एलिसेओ, तुझ्याआधी माझ्यात एक वाढलं होतं.
उजव्या कानाच्या मागे, जरा वर.
बटाटे काढता काढता मी वाफ्यातच आडवी झाले,
तोंडात माती, जीभ दातांखाली,
आणि तुझ्या बापाला वाटलं, हसतेय.
डॉक्टर बारिएंतोस म्हणाले, अक्रोडाएवढं आहे.
आमच्या दारात कुठला अक्रोड?
मी मनातल्या मनात बटाटे लावून पाहिले,
जांभळा, वाकडा, डोळेच डोळे असलेला.
एक जुळला. मुठीत मावणारा,
बियाण्याला बाजूला काढतो तसला.

उघडलं, काढलं, धातूचं ठिगळ लावून शिवलं.
थोडं राहिलंय, म्हणाले, शिरेला चिकटून.
ते असू दे.

तीन वर्षांनी दिवस राहिले.
दिवस गेले, असंही म्हणतात,
आणि दोन्हीचा अर्थ एकच.
मला मात्र दोन्ही शब्दांत
हिशेबच ऐकू यायचा.

ओतिलिया सुईण म्हणाली, आता लिंबाएवढं झालंय हं बाळ.
मी म्हटलं, बाई, फळं नकोत. मिलिमीटर सांगा.
तिनं चष्मा नाकावर ओढला, माझ्याकडे पाहिलं.
बावन्न, म्हणाली.
पुढे कधी तिनं फळाचं नाव काढलं नाही.

आधीची गोळी तुला चालली नसती,
म्हणून ती वर्षभर आधीच बदललेली.
नवीनं मी चिडकी झाले, चुलीवरची किटली फेकली,
तो पोचा तू पाहिलायस.

सातव्या महिन्यात डोकं ठणकायला लागलं.
रंगाचं औषध न टोचता फोटो काढला,
डाव्या कुशीवर, उशांच्या ढिगात.
यंत्र हातोडे मारायला लागलं की तू लाथा मारायचास,
मी हलायचे, चित्र पुसट.
काचेपलीकडचा पोरगा वैतागून म्हणाला,
दोघांपैकी एकानं तरी स्वस्थ पडा.
मी मनात म्हटलं, तिघं आहोत, बाबा.

राहिलेलं ते दोन मिलिमीटर वाढलं होतं.
तू त्याच महिन्यात पाच सेंटीमीटर.
हे दोन आकडे मी एकाच कागदावर
एकाखाली एक लिहिले. का, ते माहीत नाही.
बेरीज केली नाही.

बाळाला एकटीनं अंघोळ घालायची नाही.
कपडे बदलायचे ते जमिनीवर.
पाजायचं ते भिंतीला टेकून, खाली बसून.
रात्रीची झोप मोडायची नाही.
तीन किलो बटाट्यांची पिशवी घेऊन
ओतिलियानं माझ्याकडून सगळं घोटवून घेतलं.
निबाल्दो रात्री उठायचा, बाटली गालाला लावून बघायचा.
शेजारीण म्हणाली, पोराला भुईवर टाकतात, पाळणा नाही घरात.
नव्हताच.
तू पडशील अशी उंचीच आम्ही ठेवली नाही.
तुझी पाठ मी एकटीनं चोळली
तेव्हा तुला चार वर्षं पुरी झाली होती,
आणि तेव्हाही दार उघडं होतं.

अहवाल दहा दिवसांनी.
परतीच्या बोटीत वारा फार,
तुझं आइस्क्रीम अर्धं माझ्या स्वेटरवर.
आता माझ्या मांडीवर झोपलायस, तोंड उघडं.
तुझ्या उजव्या कानामागे बोट फिरवून बघते.
केस, जरासा मीठट चिकटपणा.
सात वर्षं रोज बघते. तुला माहीत नाही.

धक्का आला. आधी गाड्या सोडतात.
मला गाडी चालवायची परवानगी नाही,
म्हणून आपण पायी, सगळ्यांत शेवटी.
ऊठ. बूट घाल.